चिमूटभर चिमटे

परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या बसथांब्यावर थोडा वेळ उभं राहिलात तर 'तुकडा' हा शब्द हमखास कानावर पडतो. "तुकडा दिलाय तपासायला, रिपोर्ट यायचाय." 'बायोप्सी' हा शब्द फक्त कागदावर.

मोठ्या आतड्यातला तुकडा दुर्बिणीतून चिमटा घालून काढतात. पण हे आतडं जवळपास दीड मीटर लांब. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज नि व्रण असणाऱ्या आजाराच्या, जुन्या रुग्णात कॅन्सरची सुरुवात शोधायला तीसेक तुकडे घ्यायची पद्धत पडली, तरी बहुतेक आतडं न तपासलेलंच राहतं. पोतंभर तांदळात खडे आहेत का, हे तीस दाणे उचलून ठरवण्यासारखं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ग्रेसियस यांच्या गटानं यावर तोडगा काढला तो संख्येचा. एका मोठ्या चिमट्याऐवजी शेकडो बारीक पंजे आत सोडायचे. प्रत्येक पंजा मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान, चांदणीच्या आकाराचा. कॉम्प्युटरची चिप बनवतात त्याच तंत्रानं ते घाऊक बनतात. बॅटरी नाही, वायर नाही. गंमत सगळी सांध्यात आहे. तिथल्या धातूच्या पातळ थरांत ताण भरून ठेवलेला असतो आणि वरचा पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा, थर त्यांना वाकू देत नाही. अंगाच्या ३७ अंशांच्या उबेनं तो थर मऊ पडतो, पाकळ्या आत वळतात आणि पेशींचा चिमटा घेतात. म्हणून वापरेपर्यंत हे पंजे थंड ठेवावे लागतात, भाऊच्या धक्क्यावरच्या पापलेटांसारखे.

अशा पंजाला 'रोबो'ही म्हणतात; खरं तर ते म्हणणं जरा सढळ हाताचंच. कुणी डॉक्टर बाहेरून त्याची बोटं मिटत नाही. बाहेरून हुकूम चालतो तो चुंबकाचा: पंजात निकेल असतं, त्यामुळे तो ओढता येतो, काम झाल्यावर गोळाही करता येतो. २०१३ मध्ये या गटानं जिवंत डुकराच्या पित्तनलिकेतून, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीतून, असा नमुना काढून दाखवला. अरुंद पित्तनलिकेत नेहमीचा चिमटा नेणं अवघड, म्हणून हे महत्त्वाचं. मात्र इतक्या इवल्याशा कणात पेशी मिळाल्या, तरी तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला हवी असलेली ऊतीची थरांची रचना कितपत दिसणार, ही शंका उरतेच.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शंभर सोडले नि नव्व्याण्णवच परत आले तर?" आतड्यातला पंजा शौचावाटे निघून जाईल, असं मी म्हणालो. पित्तनलिकेचं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही.