वेळेआधी जन्मलेली विमानं

ब्लोम उंड फॉस बीव्ही १४१ या जर्मन विमानाचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, की याचा अर्धा भाग कुणीतरी कापून नेला आहे. डाव्या बाजूला एक लांबलचक धड, त्याच्या पुढच्या टोकाला इंजिन आणि मागच्या टोकाला शेपटी. पण त्या धडात माणूसच नाही. वैमानिक आणि त्याचे दोन साथीदार बसायचे उजवीकडे, पंखावर स्वतंत्रपणे बसवलेल्या काचेच्या कोठीत. नंतरच्या आवृत्तीत तर शेपटीचा उजवा आडवा पंखही जवळजवळ काढून टाकला, कारण मागे तोंड करून बसलेल्या मशिनगनवाल्याच्या नजरेच्या आड तो येत होता.

यात लहरीपणा कुठेही नाही. १९३७ साली जर्मन हवाई मंत्रालयाला टेहळणीसाठी तीन माणसांचं, एकाच इंजिनाचं आणि चहूकडचं स्वच्छ दिसेल असं विमान हवं होतं. एकच इंजिन म्हटलं की ते सहसा नाकावर येतं, म्हणजे नेमकं जिथून बघायचं तिथेच. अभिकल्पक रिचर्ड फोग्ट यांनी इंजिन एकीकडे आणि माणसं दुसरीकडे बसवून हा प्रश्न मुळातूनच मिटवला. मग तोलाचं काय? प्रोपेलर एका दिशेने फिरतो तेव्हा विमान उलट दिशेने कलू पाहतं. म्हणजे एका इंजिनाचं प्रत्येक विमान दिसायला सममित असलं, तरी वागायला कधीच नसतं. फोग्ट यांनी हा कल बाजूला ठेवलेल्या कोठीच्या वजनाशी जुळवून घेतला. १९३८ मध्ये विमान उडालं, आणि चांगलं उडालं. मात्र मंत्रालयाने पसंती दिली ती दोन इंजिनांच्या फोके-वुल्फ १८९ला. बीव्ही १४१च्या सुधारित आवृत्तीला हवं असलेलं बीएमडब्ल्यू ८०१ इंजिन लढाऊ विमानांसाठी राखून ठेवलं गेलं. वीसेक विमानं बनली. आज त्यातलं एकही शिल्लक नाही.

विचित्र विमानांचं मला मनापासून वेड आहे, आणि या वेडापायी त्यांच्या कहाण्या वाचत गेलो तसतशी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. आकारच चुकला म्हणून विमान बाद झालं, असं वाटतं त्यापेक्षा कमी वेळा घडलं आहे. बऱ्याचदा त्या आकाराला लागणारं इंजिन, धातू किंवा संगणक तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे नुसत्या पंखाचं विमान. विमानाला हवेत उचलून धरतो तो मुख्यतः पंख. धड आणि शेपटी हवेचा विरोध वाढवतात, वजन वाढवतात. मग ती ठेवायचीच कशाला? अमेरिकेत जॅक नॉर्थ्रॉप यांनी या प्रश्नापायी आयुष्य वेचलं. १९४६ मध्ये त्यांचं प्रोपेलरवालं एक्सबी-३५ उडालं, पुढच्याच वर्षी आठ जेट इंजिनांचं वायबी-४९. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५२.४ मीटर आणि त्याला शेपटी नावालाही नाही. पण लांब धडाच्या टोकाशी असलेली शेपटी एक मोलाचं काम करते. नाक जरा भरकटलं, की तीच त्याला जागेवर आणते. ती नसल्यामुळे वायबी-४९चं नाक डावी-उजवीकडे हेलकावत राहायचं आणि बॉम्बफेकीसाठी लागणारी स्थिरता काही मिळेना. जून १९४८ मध्ये एका चाचणीत विमान कोसळून सगळे वैमानिक-सहकारी मृत्युमुखी पडले. त्यांच्यातल्या ग्लेन एडवर्ड्स यांचं नाव पुढे कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध हवाई तळाला दिलं गेलं. प्रकल्प रद्द झाला, विमानं मोडीत निघाली.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १७ जुलै १९८९ रोजी, बी-२ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान उडालं. धड नाही, शेपटी नाही आणि पंखांचा विस्तार तोच, ५२.४ मीटर. या वेळी नाक सरळ ठेवायचं काम संगणकाकडे होतं. पंखांच्या टोकांना मागच्या कडेवर दुभंगणाऱ्या पट्ट्या आहेत. डाव्या टोकाची पट्टी उघडली, की तिथे हवेचा विरोध वाढतो आणि नाक डावीकडे वळतं. अशा बारीक दुरुस्त्या संगणक सतत करत राहतो. माणसाच्या हाताला ते जमण्यासारखं नाही. उभी शेपटी नसल्याचा आणखी एक फायदा १९४७ साली फारसा कुणाच्या हिशेबात नव्हता. रडारच्या लहरी परत फेकणारा एक मोठा पृष्ठभागच त्यामुळे नाहीसा होतो. खूप आजारी असलेल्या नॉर्थ्रॉप यांना १९८० मध्ये खास परवानगी काढून या गुप्त विमानाची प्रतिकृती दाखवली गेली. पुढच्या वर्षी ते गेले. विमानविद्येच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

पुढे झुकलेल्या पंखांची गोष्टही याच जातीची. बहुतेक वेगवान विमानांचे पंख मागे झुकलेले असतात. ते पुढे झुकवले, तर कमी वेगात आणि तीव्र वळणात विमान अधिक काबूत राहतं, हे जर्मनांना ठाऊक होतं. १९४४ मध्ये त्यांचं युंकर्स जेयू २८७ तशा पंखांनी उडालंही होतं. अडचण पंखाच्या पिळाची होती. हवेच्या दाबाने असा पंख वर वाकला, की त्याची पुढची कडही वर वळते. त्यामुळे दाब वाढतो, पंख आणखी पिळला जातो आणि वेग पुरेसा असेल तर तो तुटतो. धातूचा पंख एवढा ताठ करायचा तर वजन भलतंच वाढतं. १९८४ मध्ये उडालेल्या ग्रुमन एक्स-२९ने हे कोडं कार्बन तंतूंनी सोडवलं. तंतूंचे थर अशा तिरप्या दिशांनी बसवले, की पंख वर वाकताना तो घातक पीळ रोखला जावा. एवढं करूनही हे विमान स्वभावतः इतकं अस्थिर होतं, की ते उडवणं म्हणजे तळहातावर उभी काठी तोलण्यासारखं. संगणक सेकंदाला ४० वेळा त्याचा तोल सावरत असत.

चार्ल्स झिमरमन यांच्या व्ही-१७३ला तर लोक ‘फ्लाइंग पॅनकेक’च म्हणत. जवळजवळ गोल, चपटं, लांब पायांवर नाक वर करून उभं राहणारं हे लाकूड-कापडाचं विमान नोव्हेंबर १९४२ मध्ये उडालं. त्याच्यामागचं विज्ञान मात्र सुंदर आहे. पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. त्यामुळे खालची हवा पंखाच्या टोकांवरून वर घुसते आणि तिथे भोवरे तयार होतात. या भोवऱ्यांत विमानाची ताकद वाया जाते. पंख जितका आखूड आणि रुंद, तितकं हे नुकसान मोठं. झिमरमन यांनी दोन्ही टोकांवर प्रचंड प्रोपेलर बसवले आणि ते भोवऱ्यांच्या उलट दिशेने फिरवले. परिणाम असा, की हे विमान अगदी थोड्या जागेत उडायचं आणि इतर विमानं कोसळतील इतक्या कमी वेगातही तरंगत राहायचं. त्याची धातूची लढाऊ आवृत्ती तयार झाली तोवर जेटचं युग उजाडलं होतं. १९४७ मध्ये तो प्रकल्प थांबला आणि विमान मोडायला घेतलं, तर ते इतकं भक्कम निघालं की त्यावर लोखंडी गोळा आपटावा लागला. व्ही-१७३मध्ये दोन्ही इंजिनं आडव्या दांड्यांनी जोडलेली होती. एक बंद पडलं तरी दोन्ही प्रोपेलर फिरत राहावेत म्हणून. आजच्या व्ही-२२ ऑस्प्रेमध्ये पंखांच्या टोकांवरचे महाकाय पंखे याच कारणासाठी असेच जोडलेले असतात.

सगळीच बेढब विमानं काळाच्या पुढची असतात असं नाही. काही निव्वळ गरजेतून जन्मतात. अपोलो मोहिमांसाठी रॉकेटचे अवाढव्य भाग हवाई मार्गाने नेता यावेत म्हणून जुन्या प्रवासी विमानांची धडं फुगवून ‘गपी’ विमानं तयार झाली. सुपर गपीचं अख्खं नाक कॉकपिटसह बाजूला उघडतं. त्यामुळे दर वेळी सामान चढवताना-उतरवताना वैमानिकाकडून मागे जाणाऱ्या तारा आणि जोडण्या सोडवायच्या आणि पुन्हा जोडायच्या. एअरबसने बेलुगा बनवताना कॉकपिटच सामानाच्या मजल्याखाली उतरवलं. वरचा दरवाजा स्वतंत्रपणे उघडतो आणि एकही तार हलत नाही. बेलुगाचं कपाळ एवढं पुढे आलेलं का दिसतं, त्याचं कारण हे.

आता याच्या उलट टोक पाहा. डग्लस डीसी-३ हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं, आणि त्यातली काही आजही उडतात. त्यात नवलाचं असं एकही अंग नाही. ताण पेलणारा ॲल्युमिनियमचा पत्रा, आत घेता येणारी चाकं, इंजिनांवरची गोल झाकणं, हे सगळं आधी कुठे ना कुठे होतं. पण सगळ्यांची वेळ एकत्र जुळून आली ती याच विमानात. संग्रहालयात डीसी-३ भेटलं तर त्याची चाकं जिथे वर जातात ती जागा जरूर बघा. चाकं पूर्ण आत जात नाहीत, थोडी बाहेरच राहतात. त्यामुळे ती खाली आलीच नाहीत तरी वैमानिक या अर्धवट चाकांवर विमान उतरवू शकत असे आणि पोट फारसं खरवडत नसे.

डीसी-३च्या पंखांचा विस्तार साधारण २९ मीटर आणि रिकामं वजन साडेसात टनांच्या वर. पंखांचा विस्तार जवळपास तेवढाच, पण वजन अवघं ३२ किलो, असं एक विमान १२ जून १९७९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. त्याचं इंजिन होतं ब्रायन ॲलन नावाचा सायकलपटू. पॉल मॅकक्रेडी यांचं ‘गॉसमर अल्बॅट्रॉस’ म्हणजे कार्बन तंतूंच्या नळ्या आणि त्यावर ताणलेला मायलारचा पारदर्शक पडदा. माणूस सलगपणे जेमतेम पाव-अर्धा अश्वशक्ती देऊ शकतो, तेव्हा पंख मोठा, वेग सायकलइतका आणि वजन नगण्य, एवढाच मार्ग उरतो. वाटेत पाणी संपलं, समोरून वारा आला, मोहीम सोडून द्यायची वेळ आली. सोबतच्या बोटीला दोर बांधता यावा म्हणून ॲलन जरा वर चढले, तर तिथे हवा शांत मिळाली, आणि ते पायडल मारत राहिले. २ तास ४९ मिनिटांनी ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. मॅकक्रेडी यांच्या आधी माणसाच्या ताकदीवर विमान उडवण्याच्या स्पर्धेत उतरलेले लोक महिनोन्‌महिने खपून देखणं विमान बांधायचे आणि ते एकदा आपटलं की पुन्हा महिने घालवायचे. मॅकक्रेडी यांनी काही तासांत दुरुस्त होईल असं विमान बांधलं आणि ते मनसोक्त आपटू दिलं. मला यातली खरी बुद्धिमत्ता तिथेच दिसते.

कॉन्कॉर्डबद्दल न लिहिता असा लेख मला पुरा करता येणार नाही. १९६९ मध्ये उडालेलं हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं. त्या वेगात हवा पुढून दाबली जाते आणि तापते. कॉन्कॉर्डचं नाक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत पोचायचं. बाहेरची हवा उणे ५० अंशांच्याही खाली असताना! ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला याहून जास्त उष्णता झेपत नाही, म्हणून वेगाची हद्दही तिथेच ठरली. तापल्यामुळे अख्खं विमान १५ ते २५ सेंटिमीटर लांबायचं. हे वाढणं डोळ्यांना दिसे ते कॉकपिटमध्ये. जमिनीवर असताना फ्लाइट इंजिनिअरचं नियंत्रण-फलक आणि शेजारची भिंत चिकटून असत. उड्डाणात त्यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट पडायची. निवृत्तीआधीच्या शेवटच्या उड्डाणात काही इंजिनिअरांनी त्या फटीत आपली टोपी सरकवून ठेवली. विमान थंड झालं, फट मिटली, आणि टोपी तिथेच अडकली.

लॉकहीडचं एसआर-७१ याहून वेगवान, ध्वनीच्या तिपटीपेक्षा जास्त. ते मुख्यतः टायटॅनियमचं बनवावं लागलं. पुन्हा पुन्हा तापण्या-निवण्याने त्याच्या टाक्यांच्या जोडांवरचा लेप टिकत नसे, त्यामुळे जमिनीवर उभं असताना त्यातून इंधन ठिबकत राहायचं. २८ जुलै १९७६ रोजी त्याने नोंदवलेला ताशी ३,५२९.६ किलोमीटरचा विक्रम अजून अबाधित आहे.

कॉन्कॉर्ड २००३ मध्ये थांबलं. तिकिटं महाग, इंधनाची तहान मोठी, हे खरंच; पण त्याच्या आकारात एक प्रश्न पहिल्यापासून अनुत्तरित होता. ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या नाकापासून, पंखांपासून, शेपटीपासून आघात-तरंग निघतात. जमिनीवर येईपर्यंत ते एकमेकांत मिसळतात आणि तोफ डागल्यासारखा आवाज होतो. अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून अशी नागरी उड्डाणं बंदच केली आणि कॉन्कॉर्डचा खरा वेग समुद्रापुरता उरला.

नासाचं एक्स-५९ याच प्रश्नासाठी बांधलेलं आहे. लांबी ३० मीटर, पंखांचा विस्तार जेमतेम ९ मीटर, आणि लांबीचा तिसरा हिस्सा नुसतं सुईसारखं नाक. तरंग एकत्र येऊ नयेत, सुटे सुटेच खाली पोचावेत, अशा बेताने त्याची प्रत्येक वक्ररेषा आखली आहे. इंजिन पाठीवर आहे, म्हणजे त्याचे तरंग खाली जाणार नाहीत. एवढ्या लांब नाकामागे वैमानिकाला समोरची काच ठेवायला जागाच उरली नाही. तो कॅमेऱ्यांनी टिपलेलं दृश्य पडद्यावर बघून विमान चालवतो. बीव्ही १४१मध्ये सगळा खटाटोप वैमानिकाला दिसावं म्हणून होता; इथे आवाजापायी ती काचच सोडून दिली आहे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या पामडेलहून ते पहिल्यांदा उडालं, तेही ध्वनीपेक्षा कमी वेगात, सावधपणे. चाचण्या पार पडल्यावर ते वस्त्यांवरून स्वनातीत वेगाने न्यायचं आणि खाली राहणाऱ्यांना विचारायचं, की आवाज झाला का, झाला तर कितपत, आणि त्याचा त्रास झाला का, अशी नासाची योजना आहे.