रंगीत नको, तपकिरी प्रवाळ दाखवा!

दाजींनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. निळंशार पाणी आणि तळाशी जांभळे, गुलाबी, पोपटी रंगांनी नुसते पेटलेले प्रवाळ. खाली लिहिलं होतं, 'मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना इथेच न्यायचं. काय हेल्दी रीफ आहे!' दोन मिनिटांत अकरा अंगठे पडले. मी लिहिलं, 'दाजी, हे प्रवाळ तापाने फणफणलेलं असू शकतं.' लगेच ताईचा फोन. 'तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायलाच हवी का रे?' फोनवर जे धड सांगता आलं नाही, ते इथे लिहितोय.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे शाळेत शिकलो. बहुधा काही मिलिमीटरचाच, इवल्या शुंडकांचा एकेक जीव. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात; अशा सांगाड्यांची रास म्हणजे रीफ. तो सांगाडा पांढराशुभ्र असतो आणि प्राण्याचं अंग जवळजवळ पारदर्शक. मग रंग येतो कुठून? मुख्यतः भाडेकरूंकडून. प्रवाळाच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. हे शैवाल सोनेरी-तपकिरी असतं. म्हणून धडधाकट रीफ बहुतेक ठिकाणी तपकिरी, शेवाळी, मातकट पिवळी दिसते. थोडं जांभळं, थोडं हिरवं असतंच. पण लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई नसते. त्यात पाणी लाल रंग पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच गिळून टाकतं. जाहिरातीतला लालभडक फोटो दिव्याच्या झोतात काढलेला असतो, नाहीतर घरी बसून रंगवलेला.

हे भाडेकरू भाडं साखरेत देतात. दिवसभर प्रकाशसंश्लेषण करायचं आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा घरमालकाला द्यायचा. प्रवाळाची ऊर्जेची गरज काही वेळा नव्वद टक्क्यांपर्यंत यातूनच भागते. बदल्यात शैवालाला सुरक्षित जागा, कार्बन डायऑक्साइड आणि प्रवाळाच्या टाकाऊतलं नायट्रोजन मिळतं. उष्ण कटिबंधातलं स्वच्छ पाणी पोषणाच्या दृष्टीने जवळपास वाळवंट असतं. त्यात एवढी मोठी वसाहत उभी राहते, ती या कराराच्या जोरावर.

आता बिघाड कसा होतो ते बघा. माझा जीव या भागात अडकलेला आहे, जरा सोसून घ्या. शैवालातली प्रकाश पकडणारी यंत्रणा इलेक्ट्रॉन पुढे ढकलत असते आणि पुढचा विभाग ते वापरून साखर बनवतो. प्रकाशाच्या माऱ्याने या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन रोजच मोडतं आणि शैवाल ते रोजच नवं बसवतं. म्हणजे गिरणी चालू ठेवून पट्टा बदलण्याचा प्रकार. पाणी नेहमीपेक्षा अंशभराने तापलं आणि तसंच राहिलं, की ही दुरुस्ती मागे पडते. साखर बनवणारा विभागही मंदावतो. ऊन मात्र कमी होत नाही. इलेक्ट्रॉन येत राहतात, त्यांना घ्यायला कोणी नसतं आणि शेवटी ते ऑक्सिजनच्या गळ्यात पडतात. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली दाहक मंडळी तयार होतात. कालपर्यंत साखर देणारा भाडेकरू आज घरात ॲसिड सांडायला लागतो. मग प्रवाळ त्याला बाहेर काढतं. घर रिकामं झालं की पारदर्शक अंगातून खालचा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. प्रवाळ अजून जिवंत असतं, फक्त उपाशी असतं.

दाजींच्या व्हिडिओतली रोषणाई याच टप्प्यावरची असू शकते. शैवाल कमी झालं की पांढऱ्या सांगाड्यावर आपटून परतणारा प्रकाश प्रवाळाच्या उतींमध्ये खूप वाढतो. त्यातल्या निळ्या प्रकाशामुळे काही प्रवाळं स्वतःची चमकदार रंगद्रव्यं भराभर बनवायला लागतात. हे त्यांचं ऊन अडवण्याचं मलम. त्याच्या सावलीत शैवाल परत वस्तीला आलं, तर ही रंगद्रव्यं पुन्हा कमी होतात. म्हणजे तो झगमगाट संकटातला असतो. प्रत्येक चमकतं प्रवाळ आजारी असतं असं नाही, काही जाती मुळातच रंगीत असतात. पण मैलभर सगळीच रीफ निऑनच्या पाटीसारखी दिसत असेल, तर मी तिथलं तिकीट काढणार नाही.

काही आठवड्यांत पाणी निवलं, तर शैवाल परततं. नाही निवलं, तर भूकबळी. मेलेलं प्रवाळ ओळखायला सोपं. फांदीवर आधी हिरवट लव येते, ओल्या भिंतीवरच्या शेवाळासारखी, आणि मग टोकं झिजून बोथट होतात. जिवंत फांदीच्या टोकाला बहुधा फिकट ठिपका असतो, ती वाढीची जागा. तो ठिपका आणि पांढरी पडलेली अख्खी फांदी यात गल्लत करू नका. पाण्याखाली कुरतडल्यासारखा कुरकुर आवाज आला तर खूश व्हा. पोपटमासे चोचीने शैवाल खरवडत असतात. त्यांनी जागा साफ ठेवली तरच प्रवाळाचं नवं पिल्लू तिथे बसू शकतं.

मग घरबसल्या ठिकाण कसं निवडायचं? अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा कोरल रीफ वॉच हा उपक्रम उपग्रहावरून समुद्राचा ताप मोजतो. पाच किलोमीटरच्या चौकटींचा नकाशा रोज अद्ययावत होतो, तोही फुकट. त्यांचं एकक आहे 'डिग्री हीटिंग वीक', आपण ताप-आठवडे म्हणू. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याचं नेहमीचं सरासरी तापमान धरायचं. समजा ते २९.५ अंश आहे. पाणी ३०.५ अंशांवर आठवडाभर राहिलं, की एक ताप-आठवडा. ३१.५ वर आठवडाभर, तर दोन. एका अंशाहून कमी वाढ जमेस धरत नाहीत. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज ४ झाली की लक्षणीय ब्लीचिंगची भीती. ८ झाली की प्रवाळं मरायला लागण्याची. पूर्वी इशाऱ्याच्या दोनच पायऱ्या होत्या. २०२३ च्या उष्णतेनंतर वर आणखी तीन जोडाव्या लागल्या आणि शेवटची २० ताप-आठवड्यांपासून सुरू होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगातलं चौथं महा-ब्लीचिंग जाहीर झालं ते याच काळातलं.

दाजींचा बेत मे महिन्याचा आहे. आपल्याकडचा समुद्र मार्च ते मे तापत जातो. पावसाळी ढग आणि वारा आले की निवतो. म्हणजे शाळांची सुट्टी आणि प्रवाळांचा ताप एकाच वेळी! पोरांना रीफ दाखवायची, तर नाताळच्या आसपास किंवा जानेवारीत जा.

ठिकाणांचं म्हणाल तर मालवण जवळचं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जिवंत प्रवाळ आहे. पण ते पोराइट्ससारखं गोळा होऊन वाढणारं, चिवट, गढूळ पाण्यात तग धरणारं. शिंगांसारख्या फांद्यांच्या जंगलाची अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमुसाल. एका फेरीत आमच्या वाटाड्याने मासे जमवायला पाण्यात पाव सोडला आणि व्हिडिओसाठी भाचीला प्रवाळावर हात टेकवायला लावला. प्रवाळाचं अंग म्हणजे सांगाड्यावरची कागदापेक्षा पातळ त्वचा. खडबडीत गोळ्यावर पंजा दाबला की ती खालच्या धारेवरच फाटते. तरी मुलांना मास्कमधून श्वास घ्यायची सवय करायला मालवण उत्तम. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक म्हणजे समुद्रात बुडालेलं पठार, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आणि माथाच वीसेक मीटर खोल. तो मुलांसाठी नव्हे.

लक्षद्वीपची कंकणद्वीपं देखणी, पण १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे तडाखे त्यांनी खाल्ले. दोन तापांमधली सावरायची सवडच आखडत चालली आहे. अंदमाननेही २०१० चा फटका सोसला; काही जागा सावरल्या, काही नाही. मी आमच्यासाठी स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक निवडलं. कारण तिथे एकमेकींच्या जवळ पुष्कळ जागा आहेत आणि वारा-पाणी बघून सकाळी ठरवता येतं. बुकिंगआधी डाइव्ह सेंटरला एकच विचारा : 'गेल्या मे महिन्यात कोणत्या जागा पांढऱ्या पडल्या आणि आता कशा आहेत?' जागांची नावं घेऊन सांगणाऱ्याकडे जा. 'आमच्याकडे ब्लीचिंग होतच नाही' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. बोट प्रवाळावर नांगर टाकते की बोयाला, म्हणजे कायम बांधलेल्या तरंगत्या खुणेला, बांधते, हेही विचारा.

आई म्हणाली, एवढं जाताय तर मंगळासाठी एक पोवळं आणा. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या पाण्यात वाढणारं. त्याच्या पोटात असलं शैवालच नसतं. मंगळाला या पोवळ्याचंही काही पडलेलं नाही आणि रीफमधल्या प्रवाळाचंही. रीफ बांधणारं दगडी प्रवाळ मात्र भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावरून उचललेला तुकडासुद्धा विमानतळावर महागात पडतो.

मुलांचं सांगायचं तर समुद्रातली स्कूबा साधारणपणे वय वर्षं १० पासून, तीही १२ मीटरच्या आत. सर्दी झाली असेल तर डुबकी रद्द, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही. आणि पाठीवरच्या टाकीत 'ऑक्सिजन' नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. त्या हवेतला नायट्रोजन खोल पाण्यात रक्तात विरघळतो आणि त्याला सावकाश बाहेर पडू द्यावं लागतं. लागोपाठ डुबक्या घेतल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवायचे. म्हणून आमची शेवटची डुबकी गुरुवारी सकाळी, दुपारच्या बोटीने श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, शुक्रवार सेल्युलर जेलला आणि विमान शनिवारचं. दाजींनी तिकिटं काढलीत, जानेवारीची.