माशांच्या प्रजननकाळाचे नियंत्रण (बंदिस्त टाक्यांतील)

बंदिस्त टाक्यांतील प्रजनक माशांना (अंड्यांसाठी पाळलेल्या नर-माद्यांना) उजेडाचे तास आणि पाण्याचे तापमान बदलून नेहमीच्या हंगामाआधी, नंतर किंवा वर्षभर पाळीपाळीने अंडी द्यायला लावण्याचे तंत्र. मत्स्यबीज (पालनासाठीची पिल्ले) वर्षातून एकदाच मिळाले तर हॅचरी, म्हणजे अंडी उबवण्याचे केंद्र, उरलेले महिने रिकामी राहते आणि सगळा मासा एकाच वेळी बाजारात येतो. ही अडचण या तंत्राने दूर होते.

उजेडाने ट्राउट माशाचे प्रजननचक्र पुढेमागे करता येते, हे अमेरिकेत ई. ई. हूवर यांनी 1937 मध्ये दाखवले. ट्राउटच्या कवटीखालची पिनियल ग्रंथी स्वतः प्रकाश ओळखते आणि अंधार असेपर्यंत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. रात्रीची लांबी शरीराला अशी कळते. पुढे मेंदू व पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके अंडाशयाला चालना देतात, अंडाशयातील इस्ट्रोजेनमुळे यकृत पीतकाचे (अंड्यातील पोषक बलकाचे) प्रथिन तयार करते आणि ते अंड्यांत साठत जाते.

यातला कळीचा भाग स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात नायल ब्रोमेज व सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाला. दिवस नेमका किती तासांचा आहे याला फारसे महत्त्व नसते. तो आधीपेक्षा लांबला की आखडला, हे मासा टिपतो. उजेड कायम एकसारखा ठेवला तरी ट्राउट पक्व (प्रजननक्षम) होतात, कारण त्यांच्यात अंतर्गत वार्षिक घड्याळ असते. मात्र ते हळूहळू कॅलेंडरपासून सरकते. बदलता उजेड हे घड्याळ जुळवतो. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस रोज 18 तास उजेड देऊन मे महिन्यात तो एकदम 6 तासांवर आणला, की ट्राउट तीन-चार महिने आधी अंडी देतात. अंधाराच्या वेळेत टाकीवर उजेड झिरपू न देणे ही इथली सर्वांत मोठी शिस्त आहे.

घाईची किंमतही असते. पीतक साठायला कमी वेळ मिळाल्याने अंडी लहान राहतात, आणि वजनाने कमी असलेल्या माद्या त्या वर्षी पक्वच होत नाहीत. पाणी गरम राहिले तर अंड्यांचा दर्जा घसरतो, म्हणून उजेडाबरोबरच पाणी थंड ठेवण्यावरही खर्च करावा लागतो. ट्राउटची सुटलेली अंडी मादीच्या पोटातच राहून शिळी होतात. त्यामुळे हंगामात माद्या वरचेवर तपासून हाताने अंडी काढतात.

भूमध्य सागरी देशांतील सी बास (आपल्या जिताड्याहून वेगळा मासा) हिवाळ्यात, साधारण 13 ते 15 अंश सेल्सिअसला अंडी देतो. तिथल्या हॅचऱ्या प्रजनकांचे अनेक गट करून प्रत्येकाला वेगळे कृत्रिम वर्ष देतात, त्यामुळे कोणता ना कोणता गट ‘हिवाळ्यात’ असतोच. तरंगणारी अंडी टाकीच्या सांडव्यावरील जाळीत गोळा होतात.

भारतात रोहू-कटल्याच्या प्रजननाला गती मिळाली ती संप्रेरकांच्या इंजेक्शनाने. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी 1957 मध्ये भारतीय कार्प माशांचे असे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पण इंजेक्शन लागू पडते ते आधीच पक्व झालेल्या माशाला, आणि रोहू-कटल्यासारखे कार्प पक्व होतात पावसाळ्याच्या सुमारास. अवेळी पक्वता आणायची तर तापमान आणि उजेडाकडेच वळावे लागते. तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2010 मध्ये कोबिया या सागरी माशाचे बीज भारतात प्रथम तयार केले; पुढे तिथे पुनर्चक्रित पाण्याच्या टाक्यांत प्रजनक ठेवून हे दोन्ही घटक नियंत्रित करण्यात आले.

याच तंत्राचा उलटा उपयोग सामन माशाच्या पालनात होतो. हिवाळ्यापासून समुद्रातील जाळीच्या पिंजऱ्यांवर रात्रभर दिवे लावल्याने बरेच मासे त्या वर्षी पक्व होत नाहीत, आणि अंड्यांवर खर्च होणारे अन्न मांसात उतरते.