वॉशचे फिल्म पॉझिटिव्ह

अर्धपारदर्शक प्लास्टिक फिल्मवर पातळ केलेल्या काळ्या शाईने, म्हणजे वॉशने, हाताने काढलेले आणि प्रकाशाच्या साहाय्याने जाळीवर किंवा प्लेटवर उतरवायचे चित्र. स्क्रीन प्रिंटिंग, फोटो-लिथोग्राफी आणि फोटोपॉलिमर (प्रकाशाने कडक होणारे प्लास्टिक) प्लेटवरचे खोदछाप या तिन्ही पद्धतींत ते चालते. कॅमेरा किंवा संगणक मध्ये येत नाही. कुंचला जिथे फिरला, तिथेच छपाईची शाई लागते.

यातली सगळी मेख करड्या छटेत आहे. छपाईला करडा रंग ठाऊकच नसतो. जाळीच्या छिद्रातून शाई जाते किंवा जात नाही, मधली सोय नाही. फोटो छापताना त्याचे बारीक ठिपक्यांत तुकडे करून डोळ्याला फसवतात. वॉशमध्ये ही फसवणूक शाई स्वतःच करते, पण त्यासाठी तिला तशी जागा द्यावी लागते. म्हणून गुळगुळीत पारदर्शक ओएचपी शीटऐवजी दाणेदार, म्हणजे एका बाजूने खरखरीत केलेली पॉलिएस्टर फिल्म वापरतात. तिच्यावर ओली शाई पसरली की काजळीचे कण पाण्याबरोबर तरंगतात आणि पाणी उडून जाताना खाचांमध्ये बसत जातात. वाळलेला डाग हातभर अंतरावरून सलग करडा दिसतो. तोच लाइट टेबलवर ठेवून भिंगातून पाहिला, तर करडे काहीच नसते: काळे कण आणि मधली मोकळी जागा. डागाच्या कडेला कण दाट साचून गडद रेघ उमटते, चहाच्या कपाखाली उमटते तशी. काही शाया वाळताना बेडकाच्या पाठीसारखी जाळीदार नक्षी सोडतात. फ्रेंच लिथोकारांनी तिला नावही तेच दिले आहे, ‘बेडकाची कातडी’.

शाई म्हणून मुळात लिथोग्राफीची टुशे वापरली जाई. आलोइस झेनेफेल्डर याने १८व्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शिलामुद्रण (लिथोग्राफी) शोधले, तेव्हापासूनची ही मेण, चरबी, साबण आणि काजळी यांची शाई. दगडावर तिच्यातली चरबी महत्त्वाची, कारण छपाईची शाई त्या चरबीला चिकटते. फिल्मवर चरबीला काही काम नाही, तिथे फक्त प्रकाश अडवायचा असतो. त्यामुळे काजळी असलेली कुठलीही दाट शाई चालते. फाउंटन पेनची शाई मात्र दिसायला गडद असूनही दगा देते. ती रंजकद्रव्याची, कण नसलेली असते. चित्र जाळीवर किंवा प्लेटवर उतरवणारी अतिनील किरणे तिच्यातून बऱ्याच अंशी आरपार जातात आणि कण नसल्याने दाणाही पडत नाही. उलट छपाईवाले कापून वापरतात ती लाल रुबीलिथ फिल्म डोळ्याला पारदर्शक, पण किरणांना भिंत. काय काळे दिसते यापेक्षा किरणांना काय काळे वाटते हे पाहायचे.

पाणीही बघून घ्यावे. टुशेत साबण असल्याने क्षारांच्या जड पाण्यात तिचे कण गुठळ्या धरतात आणि दाणा भरड येतो. बोअरच्या पाण्याने एक पोत मिळेल, डिस्टिल्ड पाण्याने दुसरा. फिल्म पाणी शोषत नाही, त्यामुळे शाई ओली असेपर्यंत कापसाच्या बोळ्याने उचलता येते आणि वाळल्यावर ब्लेडने खरवडून पांढऱ्या रेघा काढता येतात. बोटाचा तेलकट ठसा पडला असेल तर शाई तिथून मागे सरते, आणि तो ठसा छापातही इमानेइतबारे उतरतो.

पॉझिटिव्ह जाळीवर उतरवताना चित्राची शाईची बाजू इमल्शनला, म्हणजे जाळीवरच्या प्रकाशसंवेदी थराला, अगदी चिकटवून ठेवतात. मध्ये फट राहिली तर किरण कडेने आत शिरून बारीक दाणे खाऊन टाकतात. जिथे प्रकाश पडतो तिथले इमल्शन कडक होते, शाईखालचे मऊ राहून पाण्याने धुऊन जाते. एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश देण्याची वेळ, थोडे वाढले की सर्वात फिकट छटा आधी नाहीशा होतात. कमी पडले तर कडक व्हायचा भागही धुऊन जातो. म्हणून खऱ्या चित्राआधी फिकट ते गडद पट्ट्यांची एक फिल्म करून वेगवेगळ्या वेळा तपासतात. ही चाचणी कंटाळवाणी आहे आणि टाळणारा हटकून पस्तावतो. लिथोच्या पॉझिटिव्ह प्लेटवर रसायन उलटे वागते, प्रकाश पडलेला थर सुटतो, तरी निकाल तोच: काढले ते छापले जाते. फोटोपॉलिमरमध्ये शाईखालचा भाग धुऊन खळगा होतो. तिथे मोठा सपाट काळा डाग धोक्याचा, कारण रुंद खळग्यातली शाई पुसताना निघून जाते. दाणेदार वॉश तिथे उलट फायद्याचा.

दगडावर चित्र उलटे काढावे लागे. जाळीसाठी फिल्मवर ते सरळच काढायचे. रंगीत छापासाठी प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी, पण सगळ्या काळ्याच. पिवळा छापायचा असला तरी काळ्यात विचार करावा लागतो.

फिल्मवर चित्र काढून घेण्याची कल्पना इंग्लंडमध्ये विशेष गाजली. इप्सविचच्या कॉवेल छापखान्याने दाणेदार प्लास्टिकचे ‘प्लास्टोकॉवेल’ तक्ते तयार केले. दगड किंवा जस्ताचे पत्रे चित्रकाराच्या घरी नेणे अवघड; हे तक्ते हलके. ‘स्कूल प्रिंट्स’ या शाळांसाठीच्या चित्रयोजनेच्या ब्रेंडा रॉन्सली ते घेऊन १९४७ मध्ये विमानाने फ्रान्सला गेल्या. पिकासो, ब्राक, लेजे, द्यूफी यांची चित्रे असलेली मालिका १९४९ मध्ये निघाली.

महाराष्ट्रात टुशेची ओळख दगडापासूनची आहे. पुण्याची चित्रशाळा (१८७८) आणि राजा रविवर्मा यांचा मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला छापखाना, दोन्ही शिलामुद्रणावर चालले. फिल्म मात्र इथे कलेपेक्षा धंद्यातून रुळली. लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे पॉझिटिव्हवरची पांढरी टाचणीछिद्रे बुजवायला ‘ओपेक’ची, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या रंगाची, बाटली असे. त्याच बाटलीत थोडे पाणी घातले की वॉश तयार, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दगड घासला की चित्र संपे. फिल्म उरते आणि तिच्यावरून नवी प्लेट केव्हाही करता येते. त्यामुळे मर्यादित आवृत्ती छापून झाल्यावर प्लेट रद्द करून भागत नाही, फिल्मवरही ब्लेडने आडवी रेघ मारावी लागते.