नारायण विनायक जगताप यांची पहिली कथा

अकरावीला 'एनसीईआरटी'चं इंग्रजीचं पुस्तक असलेल्या मुलांना 'दि ॲडव्हेंचर' नावाचा धडा आठवत असेल. देशभरातल्या मुलांनी तो वाचला, प्रश्नोत्तरं पाठ केली, परीक्षा दिल्या. पण धडा मुळात मराठी कथेतून आलेला आहे, तिचं नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? धडा लिहिणाऱ्याचं नाव पुस्तकात होतंच, जयंत नारळीकर. तेही खगोलशास्त्रज्ञ म्हणूनच जास्त माहीत.

हे नाव मराठी साहित्यात पहिल्यांदा आलं ते मात्र लपून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा दोन वर्षांपूर्वी केंब्रिजहून परतून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. अहमदाबादला एका परिसंवादात वक्ता कंटाळवाणं बोलत होता, म्हणून समोरच्या कागदांवर त्यांनी कथा लिहायला घेतली, तीच 'कृष्णविवर'. स्पर्धेला पाठवायची तर नावाचा प्रश्न आला. पद्मभूषण मिळालेल्या माणसाचं नाव पाहिल्यावर परीक्षक कथा कशी वाचणार? म्हणून जयंत विष्णु नारळीकर यातली ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, ना. वि. ज. झाली आणि त्यातून 'नारायण विनायक जगताप' तयार झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांनी उतरवून काढली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या वाटेची आवर्जून दखल घेतली. 'किर्लोस्कर' मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी कथांची मागणी केली आणि लिहिणं सुरू राहिलं. मराठीत विज्ञानकथा त्याआधी नव्हती असं अजिबात नाही. भा. रा. भागवतांनी फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या घरात आणून सोडला होता. पण प्रयोगशाळेत रोज वावरणारा माणूस स्वतः गोष्ट सांगतोय, याचं वजन वेगळं पडलं.

ते वजन आलं कुठून, हे पाहायला थोडं मागं जावं लागतं. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्म, वाढ बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमती संस्कृतच्या विदुषी. घरात फळा होता. त्यावर मामा मोरेश्वर हुजूरबाजार 'ज. वि. ना.साठी आव्हान' म्हणून एखादं गणित मांडून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसलं जात नसे. १९५७ ला बी.एस्सी., मग केंब्रिज, १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे सगळ्यांत पहिले. मार्गदर्शक लाभले फ्रेड हॉईल. हॉईल स्वतः कादंबरीकार. 'द ब्लॅक क्लाउड' त्यांनी १९५७ मध्येच लिहिली होती. वैज्ञानिकाने गोष्टी लिहिणं म्हणजे वेळ फुकट घालवणं नव्हे, हे केंब्रिजमध्ये त्यांना रोज समोर दिसत होतं. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे नारळीकरांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. बहुमताच्या विरुद्ध बाजूला उभं राहायची ही सवय कथालेखकाच्याही कामी आली असावी, असं मला वाटतं.

१९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला आणि १९८३ मध्ये 'प्रेषित' ही कादंबरी. नंतर 'अंतराळातील भस्मासूर', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य'. नावं पाहा: यक्ष, भस्मासूर, वामन. 'वामन'मध्ये जमिनीखाली एक पुरातन पेटी सापडते, तिच्यातल्या सूचनांवरून यंत्रमानव तयार होतो आणि तीन पावलांची गोष्ट वाचकाला न सांगताही आठवते. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. त्याचा पुरावा म्हणून गणपतीची मूर्ती पुरते. मोबियसची पट्टी (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली, एकच बाजू असलेली पट्टी) म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या वाचकालाही सोंड कुठल्या बाजूला हवी ते पक्कं ठाऊक असतं.

या सगळ्यांत माझी आवडती कथा अर्थात पानिपतचीच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात जिथं मराठे पानिपत जिंकलेले आहेत. ते टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड काढतात. चार खंड जसेच्या तसे. पाचव्यात वाट फुटलेली. मग बखर उघडतात, तर विश्वासरावांना लागलेली गोळी इथं कानाला चाटून गेलेली, तिळाएवढ्या अंतराने. परत आपल्या जगात येतात तेव्हा त्या बखरीचं फाटकं पान खिशात असतं. क्वांटम सिद्धांताची चर्चा शेवटी येते, पण अंगावर काटा येतो तो त्या पानाने. भाषा साधी आहे, पात्रं कधीकधी व्याख्यान देतात, हा आक्षेप समीक्षकांनी नारळीकरांवर घेतला आणि तो खोटा नाही. पण एवढी नेमकी कल्पना सुचल्यावर थोडं व्याख्यान वाचक चालवून घेतो.

लेखनाबरोबर बाकीचं चालूच होतं. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. मुलांनी सही मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डवर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही मिळेल. विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६ मध्ये, पद्मविभूषण २००४ मध्ये, महाराष्ट्रभूषण २०१० सालचा. साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, तोही 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे, अशी ती चार नगरं. पुस्तक चांगलंच आहे. पण ज्या वाङ्मयप्रकारासाठी हा माणूस चाळीस वर्षं झटला त्याला तो मान मिळाला नाही, ही रुखरुख राहते.

२०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, विज्ञानलेखकाला पहिल्यांदाच. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष जाता आलं नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पानिपतच्या कथेतला एक प्रसंग नाशिकच्या वेळी अनेकदा आठवला. त्या दुसऱ्या जगातल्या आझाद मैदानावर सभा भरलेली असते, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवलेली असते. लोक अध्यक्षीय भाषणांना कंटाळल्यामुळे तिथं तशी रीतच पडलेली असते. गंगाधरपंतांना ते सहन होत नाही. ते जाऊन खुर्चीत बसतात, बोलायला लागतात आणि श्रोते त्यांच्यावर टोमॅटो फेकतात.