पुरस्कार त्याचा हुकतो, जिवाला आपल्या लागतं

रॉक गायक नील यंगला पहिलं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळालं २०१० साली. तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती, 'हार्वेस्ट' हा त्याचा सर्वांत गाजलेला अल्बम येऊन अडतीस वर्षं झाली होती, आणि ते ग्रॅमी गाण्यासाठी नव्हतंच. जुन्या ध्वनिमुद्रणांचा जो पेटीबंद संच त्याने काढला होता, त्याच्या वेष्टनाच्या कलादिग्दर्शनासाठी होतं. गाण्यासाठीचं ग्रॅमी आलं पुढच्या वर्षी.

रॉकच्या चाहत्यांना अशा गोष्टी तोंडपाठ असतात. रोलिंग स्टोन्सना स्पर्धेतलं पहिलं ग्रॅमी मिळायला १९९५ उजाडलं. लेड झेपलिनला ते २०१४ मध्ये मिळालं, म्हणजे बँड मोडून तेहतीस वर्षं झाल्यावर. क्वीनच्या वाट्याला २०१८ मध्ये जीवनगौरव आला, स्पर्धेतलं एकही नाही. जिमी हेंड्रिक्सला हयातीत काहीच मिळालं नाही. डेव्हिड बोवीला हयातीत स्पर्धेतलं एकच मिळालं, तेही एका व्हिडिओसाठी; जानेवारी २०१६ मध्ये तो गेला आणि त्याच्या शेवटच्या 'ब्लॅकस्टार' या अल्बमने २०१७ च्या सोहळ्यात पाच ग्रॅमी पटकावली. हे सांगताना चाहत्याचा आवाज असा चढतो, जणू त्याच्याच घरच्या माणसाची पेन्शन कुणी अडवून धरली आहे.

खरं तर त्याचं गेलेलं काहीच नसतं. गाणी आहेत तिथेच आहेत, संगीतकाराच्या खात्यात कमी पडायलाही काही नाही. तरी सोहळ्यात निकालाचं पाकीट उघडतं, भलतंच नाव वाचलं जातं, आणि हजारो मैलांवर कुणाची तरी रात्र खराब होते. याला बालिशपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान या दोघांनीही या हळहळीकडे गंभीरपणे पाहिलं आहे, आणि त्यांना जे सापडलं ते चाहत्याच्या बाजूचं आहे असं मला वाटतं.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एका नव्या प्रकारच्या नात्याचं वर्णन केलं. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस प्रेक्षकाशी थेट बोलल्यासारखा बोलतो, आणि रोज ते ऐकणाऱ्याला तो ओळखीचा, जवळचा वाटू लागतो. नातं एकतर्फी असतं. त्या माणसाला आपलं नावही ठाऊक नसतं. पण जवळीक खोटी नसते. ज्येष्ठ रॉक संगीतकाराच्या बाबतीत तर हे नातं तीस-चाळीस वर्षं जुनं असतं, म्हणजे बऱ्याच मैत्र्यांपेक्षा टिकाऊ.

शिवाय ते कोणत्या वयात जुळलं यालाही महत्त्व आहे. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवून पसंती विचारली. लोकांना सर्वाधिक आवडली ती त्यांच्या साधारण साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपास गाजलेली गाणी. पुढच्या संशोधनात हे वय थोडं मागेपुढे झालं, पण पौगंडावस्था आणि ऐन तारुण्य या काळात कानावर पडलेलं संगीत आयुष्यभर चिकटून राहतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं. आठवणींचंही तसंच आहे. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातले प्रसंग विचारले, तर दहा ते तीस वर्षांदरम्यानचे प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त निघतात. त्या गिटारच्या सुरावटीला चाहत्याची पहिली नोकरी, पहिलं भांडण, पहिलं प्रेम असं सगळं लगडलेलं असतं. परीक्षकांनी नापसंत केलं ते एका संगीतकाराला. चाहत्याला मात्र आपल्या उमेदीच्या वर्षांवरच कुणी तरी लाल शेरा मारल्यासारखं वाटतं.

रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा अभ्यास इथे नेहमी आठवला जातो. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. सामन्याबद्दल विचारलं, की जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' असं बोलण्याकडे कल दिसे. दुसऱ्याच्या तेजात न्हाऊन घ्यायचं आणि पराभवापासून चार हात दूर राहायचं, ही माणसाची रीतच. मात्र ती सगळ्यांना लागू पडत नाही. डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोंब यांनी १९९० मध्ये दाखवलं, की पराभवानंतर सटकतात ते वरवरचे चाहते. ज्यांनी त्या संघाला स्वतःच्या ओळखीचा भाग केलेलं असतं, ते सटकू शकत नाहीत. ज्येष्ठ संगीतकाराकडे चार दशकांनंतर उरतात ते बहुतेक याच जातीचे. हौशे-नवशे केव्हाच पांगलेले असतात.

आणि हे फक्त मनात राहत नाही. १९९४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, तेव्हा सामना टीव्हीवर पाहणाऱ्या पुरुष चाहत्यांच्या लाळेचे नमुने तपासण्यात आले. ब्राझीलच्या पाठीराख्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढलं होतं, इटलीच्या पाठीराख्यांचं घटलं होतं. नमुना अगदी लहान होता, म्हणून त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण चेंडूला पायही न लावलेल्या माणसांच्या शरीरात हार-जीत उतरली, एवढं नक्की.

आता त्या पाकिटाच्या क्षणाकडे येऊ. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींची, विद्युत हालचाल टिपली. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उसळायच्या. मग दिवा लागला की थोड्या वेळाने रस मिळतो, हे माकड शिकलं. तेव्हा पेशी दिव्याला उसळू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

माकडाचा रस आणि ग्रॅमीचा सोहळा यांत अंतर बरंच आहे, हे मान्य. पण नामांकन म्हणजे लागलेला दिवाच. ज्या वर्षी आवडत्या कलाकाराचं नाव यादीतच नसतं, त्या वर्षी चाहता चरफडतो, पण रात्र शांतपणे झोपून काढतो. यादीत नाव आलं की वाट पाहणं सुरू होतं. व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि थॉमस गिलोविच यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांचे चेहरे अभ्यासले, तेव्हा कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. कांस्यवाल्याच्या डोळ्यांसमोर रिकाम्या हातांनी परतणारा चौथा असतो, रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सुवर्ण. नामांकन मिळून हरलेल्या कलाकाराचा चाहता कायम रौप्यपदकाच्या पायरीवर उभा असतो, आणि इथे रौप्यपदकही कुणी देत नाही.

इथवर चाहत्याचं झालं. पण पुरस्कार देणारी यंत्रणा मोजते काय, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते हळहळीचं खरं मूळ तिथे आहे. चाहता मोजतो सगळी कारकीर्द. ग्रॅमीचे नियम मोजतात साधारण वर्षभराच्या ठरावीक मुदतीत आलेलं काम. जो संगीतकार १९७२ मध्ये शिखरावर होता, त्याचा सत्तरीतला अल्बम समोर ठेवून विचारलं जातं, की या वर्षीचं सर्वोत्तम कोणतं? चाहता उत्तर देतो 'तो माणूस'. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. वाद मिटणार कसा?

त्यात मतमोजणीची रीत. ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचे मतदार अंतिम फेरीत एका विभागात एकाच नावाला मत देतात आणि सर्वाधिक मतंवाला जिंकतो. निम्म्याहून जास्त मतांची अट नाही. प्रमुख विभागांत सध्या आठ नामांकनं असतात. समजा हजार मतं पडली आणि ती आठ जणांत जवळपास सारखी वाटली गेली, तर १२६ मतांवरही विजय मिळू शकतो. उरलेल्या ८७४ जणांचं मत दुसरीकडे असतं. एकाच पिढीचे, एकाच पठडीतले दोन ज्येष्ठ कलाकार यादीत आले, तर त्यांचे मतदार विभागले जातात आणि तिसराच पुढे निघतो. अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्यामुळे कुणाचं थोडक्यात हुकलं आणि कुणाचं सपशेल, हे कळायला मार्ग नाही. चाहता मात्र 'थोडक्यात हुकलं' असंच धरून चालतो.

ज्येष्ठांवर नेहमी अन्यायच होतो असंही नाही, हे इथे सांगायलाच हवं. १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल यांसाठी पहिल्यांदाच विभाग उघडला. सगळ्यांची खात्री होती की तो मेटॅलिका या मेटल बँडचा. अॅलिस कूपरने पाकीट उघडलं आणि नाव निघालं जेथ्रो टल, म्हणजे बासरी वाजवणाऱ्या इयन अँडरसनचा १९६७ पासूनचा बँड. सभागृहात हुर्यो उडाली. आपण जिंकणार नाही या खात्रीने बँड सोहळ्याला आलाच नव्हता. पुढच्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल हे विभाग वेगळे झाले आणि मेटलचं ग्रॅमी मेटॅलिकाला मिळालं. त्या रात्री मतदारांच्या डोक्यात काय होतं ते कुणी तपासलेलं नाही. पण मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं, की नुसतं वारंवार समोर आल्यानेही गोष्ट आवडू लागते. संगीत न ऐकता यादी चाळणाऱ्या मतदाराला ओळखीचं नाव जवळचं वाटलं असेल, तर नवल नाही. जुनं नाव कधी कधी असंही कामी येतं, पण ज्येष्ठांचे चाहते हे उदाहरण सहसा देत नाहीत.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या रॉक कलाकारांच्या अमेरिकी मानमंडळाची गोष्ट निराळी. तिथे अख्खी कारकीर्दच पाहतात, पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पंचवीस वर्षांनी कलाकार पात्र होतो. तरीही डीप पर्पल या बँडला पात्र झाल्यानंतर तेवीस वर्षं थांबावं लागलं. २०१६ मध्ये प्रवेश मिळाला तेव्हा कीबोर्डवादक जॉन लॉर्डला जाऊन चार वर्षं झाली होती. चाहत्यांनाही मत असतं खरं. २०२० च्या चाहता-मतदानात डेव्ह मॅथ्यूज बँड दहा लाखांहून अधिक मतांनी पहिला आला, आणि त्या वर्षी वगळला गेला. चाहत्यांच्या सगळ्या मतांचा मिळून एक मतपत्र होतो आणि तो हजाराहून जास्त मतपत्रांच्या गठ्ठ्यात पडतो. त्या बँडला प्रवेश मिळाला २०२४ मध्ये.

तज्ज्ञ नीट ऐकतात तरी का? चिया-जुंग त्से यांनी २०१३ मध्ये अभिजात संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या स्पर्धकांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. आवाज बंद करून नुसतं पाहणाऱ्यांनी तो जास्त अचूक ओळखला, नुसतं ऐकणाऱ्यांना जमलं नाही. व्यावसायिक संगीतकारांचीही तीच गत. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या निकालांत अर्थशास्त्रज्ञांना दिसलं, की चिठ्ठ्या टाकून ठरवलेला वाजवण्याचा क्रमही निकालावर परिणाम करतो. सुरुवातीला वाजवणाऱ्यांचं नुकसान होतं.

हे सगळं कळून चाहत्याचं दुःख हलकं होतं का? फारसं नाही. चांगल्याचं चांगलं व्हायलाच हवं, अशी माणसाची खोलवरची धारणा असते. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर मोठं काम केलं आहे. निकाल चिठ्ठ्यांच्या क्रमावर किंवा मतांच्या विभागणीवर ठरला असेल, हे ऐकून ही धारणा आणखीच दुखावते. 'त्यांनी मुद्दाम डावललं' हे सहन होतं, 'योगायोगाने राहिलं' हे होत नाही. जीवनगौरवानेही फुंकर बसत नाही, कारण त्यात कुणाला हरवलेलं नसतं.

पुरस्कार मिळाला असता तर काय झालं असतं, याचा थोडा अंदाज पुस्तकांच्या जगातून येतो. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये मोठे पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि त्याच यादीत येऊन हुकलेली पुस्तकं यांची तुलना केली. पुरस्कारानंतर वाचक वाढले, पण विजेत्या पुस्तकांना वाचकांकडून मिळणारे सरासरी गुण-तारे हुकलेल्यांच्या तुलनेत घसरले. पुरस्काराने ओढून आणलेल्यांत अशी माणसं बरीच होती, ज्यांच्या आवडीत ते पुस्तक मुळात बसतच नव्हतं. संगीतात असंच होत असेल, तर जिंकलेल्या ज्येष्ठाच्या जुन्या चाहत्याला दुसऱ्या दिवसापासून 'यात एवढं काय आहे?' असं विचारणाऱ्या नव्या श्रोत्यांना तोंड द्यावं लागतं. हरलेल्याचा चाहता निदान त्यातून सुटतो.