कौटुंबिक छायाचित्रांचे जतन : साठवण माध्यमांची निवड

घरातले फोटो पुढच्या पिढ्यांना पाहता यावेत म्हणून ते कशावर आणि कुठे साठवायचे, हे ठरवण्याची रीत. कायम टिकणारे एकही माध्यम घरगुती वापरात नाही. त्यामुळे एकमेकांची उणीव भरून काढणारी दोन-तीन माध्यमे मिळून निवडावी लागतात.

सोलापुरात ही निवड करताना उन्हाचा विचार आधी करावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो; पत्र्याखाली आणि माळ्यावर त्याहूनही जास्त तापते, आणि जुन्या अल्बमांची ट्रंक बहुधा तिथेच असते. रंगीत फोटोतली रंगद्रव्ये उष्णतेने अंधारातही उडतात. १९७०-८० च्या दशकांतले लग्नाचे फोटो तांबूस दिसतात ते त्यांतला निळसर रंग आधी गेल्यामुळे. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात, ते रंगद्रव्यांसारखे उडत नाहीत, म्हणून गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत बाराबंदी हा पांढरा पारंपरिक अंगरखा घालून उभ्या राहिलेल्या आजोबांची चुण्यान्‌चुणी स्पष्ट दिसते आणि त्यांच्या मुलाच्या लग्नाचा फोटो मात्र विटलेला असतो. चिकट पानांच्या अल्बममधून असे फोटो जोर लावून ओढू नयेत. पानासकट स्कॅन करावेत. स्कॅन झाल्यावरही मूळ प्रत आणि निगेटिव्ह टाकून देऊ नयेत.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (नव्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी असणारी चिपवरची साठवण) यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात राहते. वीज न मिळता पडून राहिल्यास हा भार झिरपतो, उष्णतेत अधिक वेगाने. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या इलेक्ट्रॉनिक मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक असे, की लेखनक्षमता (पुन्हापुन्हा लिहिण्याची ठरलेली मर्यादा) संपल्यानंतर ३० अंश सेल्सिअसला विजेविना १ वर्ष माहिती टिकावी. कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देण्यासाठी ही साधने म्हणूनच योग्य नाहीत.

हार्ड डिस्क सर्वांत व्यवहार्य. ती खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवावी, अधूनमधून जोडून फोटो उघडून पाहावेत आणि साधारण पाच वर्षांनी नवीवर कॉपी करावी. साध्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर ऊन-उष्णतेने खराब होतो. एम-डिस्क या दीर्घकाळ जतनासाठीच्या खास डिस्कमध्ये त्याजागी अजैविक थर असल्याने ती अधिक टिकाऊ मानली जाते. पण ती वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपमध्ये क्वचितच असतो आणि सोनीने २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे (डीव्हीडीहून जास्त साठवणाऱ्या) डिस्कचे उत्पादन थांबवले.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम घरासाठी पुरेसा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. बाहेरची प्रत पुण्यातल्या लेकीकडे किंवा क्लाउडवर, म्हणजे गूगलसारख्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसलेला असतो, त्याला प्रत धरू नये. दोन वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते गूगल हटवू शकते. खातेदाराच्या पश्चात ते चालू राहावे म्हणून पासवर्ड घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावा.